बद वाजलेला रुपया

पाठीमागे फरशीवर रुपया पडला आणि सहदेव बोलून गेला, "साहेब, हा खोटा हाये." बस्स, संपलं. खदानीतलं तीन वर्षांचं काम, आठ महिन्यांचे हेलपाटे, किसनरावानं लिहिलेले अर्जावर अर्ज, न दचकायच्या सरावासाठी बायकोनं, शकुननं, पाठीमागे उभं राहून बडवलेली ताटं, सगळं त्या चार शब्दांत पाण्यात गेलं. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. भिंतीला नवा चुना होता, त्याचा वास नाकात बसला होता. डॉक्टरसाहेबांनी आधी हळू आवाजात त्याचं नाव घेतलं, मग जरा मोठ्यानं घेतलं, मग टेबलावर एक जाड पुस्तक आपटलं. सहदेव हलला नाही. मान हलली की दावा गेला, असं किसनरावानं दहादा बजावलं होतं, आणि मानेच्या शिरा दुखेपर्यंत त्यानं मान धरून ठेवली होती. सगळं निभलं होतं. मग रुपया पडला, बद वाजला, आणि जीभ त्याला न विचारता उठली. मागे कारकून फस्सकन हसला. चपराशानं वाकून रुपया उचलला, टेबलाच्या कडेवर वाजवून पाहिला आणि म्हणाला, "चांगला हाये जी." इथं तरी गप्प बसावं की नाही? पण ज्याची खोड त्याला. सहदेव भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "काहीचा चांगला नाई. बद वाजून राहिला." डॉक्टरसाहेब रागावले नाहीत, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. "वळा इकडं," ते म्हणाले. "कागदावर तर तुम्ही ठार बहिरे आहात." कारकुनानं टाक दौतीत बुडवून लिहायला घेतलं. सोमवारी येऊन निकालावर सही करून जा, असं त्यानं मान वर न करता सांगितलं.

बाहेर निंबाखाली किसनराव सतरंजीचा तुकडा टाकून बसला होता. तो अर्ज लिहून पोट भरणारा माणूस. अकोल्याच्या कचेरीबाहेर त्याच्यासारखे पाच-सहा बसायचे, पण सहदेवची फाइल तोच वागवत होता, आणि खरं सांगायचं तर गेल्या चार महिन्यांपासून फुकट वागवत होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. सहदेव म्हणाला, "बोललो." "काय बोलला?" "रुपया खोटा हाये म्हनलं." किसनरावानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लेका सहदेवा, तुले रुपयाशी काय करायचं होतं? तुह्या बापाचा होता काय थो? खोटा असन नाईतर खरा असन, तू बहिरा हायेस ना?" सहदेव म्हणाला, "बद वाजलेलं मले दाबून ठेवता येत नाई." किसनरावानं सतरंजीवरचे कागद गोळा केले. मग कागदांची पुरचुंडी बांधत म्हणाला, "मंग आता बस वाजवत." त्याचं चुकलं नव्हतं. सहदेवला त्याचा राग आला नाही. राग स्वतःचा आला, त्या कारकुनाच्या हसण्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो कानात बसलेल्या त्या रातकिड्याचा. कचेरीच्या आवारात एवढी माणसं, टांगे, फेरीवाले, आणि तरी त्या सगळ्यांच्या वर तो आपला किर्र करून राहिला होता. डाव्या कानात जोरानं, उजव्या कानात जरा कमी. चोवीस तास. पगारी चौकीदारही इतका इमानदार नसतो.

स्टेशनाकडे चालताना त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आपण बोललो काहून. आणि उत्तर त्याला ठाऊक होतं. ते उत्तर त्याच्या बापापासून सुरू होत होतं. घर माळ्याचं. अमरावतीच्या अंगाला वांगी, मेथी, झेंडू असा मळा, पण बापाची ओळख मळ्याची नव्हती. कोणाला विहीर खोदायची असली की माणूस त्याच्या बापाला बोलवायला यायचा. बाप वावरात जायचा, उघड्या दगडावर हातोडी मारायचा, कान लावायचा, पुन्हा मारायचा. दगड खणखणीत बोलला तर खाली सगळा कातळ, तिथं पोट्टं गाडलं तरी पाणी नाही. दगड बद बोलला तर आत भेग आहे, झरा आहे, इथं खोदा. हे सहदेव दहा वर्षांचा असल्यापासून शिकला. खणखणीत ऐकलं की गप्प राहायचं आणि बद ऐकलं की लगेच सांगायचं, त्यात विचार करायचा नाही, असं बाप म्हणायचा. विचार केला की माणूस मालकाच्या तोंडाकडे पाहतो आणि त्याला आवडेल ते सांगतो. बाप गेल्यावर मळा थोरल्या भावाकडे, सूर्यभानकडे गेला आणि कान सहदेवकडे आले. वाटणी रीतसर झाली असं तो गमतीनं म्हणायचा. तेव्हा त्याला गमती सुचायच्या.

मग लढाई आली. अकोल्याजवळच्या माळावर विमानांसाठी पट्टी करायचं निघालं आणि पट्टीला गिट्टी लागते म्हणून टेकडी फोडायला घेतली. काम सरकारी फौजेचं, ठेका शालिकरामचा. हा शालिकराम आधी जिनिंगला लाकूडफाटा पुरवायचा, लढाईनं त्याला एका वर्षात मोटारीत बसवलं. त्यानं सहदेवला बोलावून घेतलं ते खोदायला नव्हे. खोदायला शेदोनशे हात होते. त्याला कान पाहिजे होते. खदानीत रोज सकाळ-संध्याकाळ बारा-बारा भोकं पाडून त्यात दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि सगळ्यांनी पळायचं. बारा सुरुंग उडाले तरच माणसं परत आत जायची. अकराच उडाले तर एक आत झोपलेला आहे, आणि झोपलेल्या सुरुंगावर पहार मारणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. दोन सुरुंग एकदम उडाले तर कच्च्या कानाला एकच वाटतो, म्हणून मोजायला पक्का कान लागायचा. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? सगळी माणसं कानात रुईचे बोळे कोंबून, खडकाकडे पाठ करून बसायची. गोरा साहेब तर वरून दोन्ही हात दाबून धरायचा. एकटा सहदेव उघडे कान घेऊन त्यांच्यापुढे दहा पावलं उभा राहायचा आणि मोठ्यानं मोजायचा. एक, दोन, तीन. बोळे घातले तर मोजता येत नाही, आणि मोजलं नाही तर माणसं मरतात. इतकं सरळ होतं ते. कोणी त्याला मारून-मुटकून उभं केलं नव्हतं. हे आठवलं की त्याला अजून चीड यायची, कारण जबरदस्ती असती तर शिव्या द्यायला कोणीतरी असतं.

गाडीत तो खिडकीशी बसला. गाडी सुटली, चाकं खडखडायला लागली आणि रातकिडा त्या खडखडाटात बुडाला. हेच एक सुख उरलं होतं. जगात माणसं शांततेसाठी रिद्धपूरच्या मठात जाऊन बसतात, आणि याला शांतता म्हटली की धडकी भरायची. घरी दुपारी सगळं सामसूम झालं की तो उठून रहाटाच्या कुरकुरीजवळ जाऊन बसायचा. शकुननं आधी कानात लसूण घालून कढवलेलं तेल ओतलं, मग कोणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस ओतला, मग नवस बोलली. "कसा वाजते?" ती विचारायची. "रातकिड्यासारखा." "आता वाजून राहिला?" "हो." "आता?" एकदा त्यानं तिच्या अंगावर पेला फेकला होता. लागला नाही तिला, पण फेकला होता हे खरं. सोळा वर्षांच्या संसारात त्यानं कधी हात उगारला नव्हता. त्या पेल्याचा हिशोब कोणत्या साहेबाकडे मागायचा? गाडी बोरगावच्या पुढे गेली. काळं वावर मागे पळत होतं आणि त्याला ती संध्याकाळ आठवत होती, जिच्यावर शालिकराम आता थुंकायलाही तयार नव्हता.

त्या संध्याकाळी बारा वाती पेटल्या आणि सहदेवनं अकरा मोजले. शालिकराम म्हणाला, बारा झाले, दोन एकदम उडाले. सहदेव म्हणाला, अकरा. मोटारीजवळ गोरा साहेब घड्याळ पाहत होता, दुसऱ्या दिवशी कोणी बडा साहेब पट्टी पाहायला येणार होता, आणि शालिकरामच्या कपाळाला घाम फुटला होता. "तीस माणसं बसून हायेत तुह्या एका आकड्यापायी," तो दात खाऊन बोलला. सहदेव आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "मले मारून आत जा." घटका गेली, दुसरी जाऊ लागली. आणि मग बारावा उडाला. सहदेव तेव्हा पहिल्या दगडापासून वीस पावलांवर होता, कारण माणसं पुढे सरकू नयेत म्हणून तोच पुढे सरकला होता. धुरळा बसल्यावर माणसांनी त्याचे पाय धरले. शालिकरामनं स्वतःच्या हातानं त्याला चहा दिला. सहदेवला कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ओठ हलताना दिसत होते. दोन दिवसांनी ऐकू यायला लागलं, आणि त्याच्याबरोबर रातकिडा आला. हा काय जातो चार दिवसांत, सगळे म्हणाले. लढाई संपली, पट्टीवरचे गोरे गेले, तंबू लिलावात निघाले, ठेक्याचा हिशोब मिटला. रातकिडा राहिला.

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. पलीकडच्या फलाटाला लहान गाडी उभी होती, तिच्यात माणसं आणि बोचकी एकमेकांत कोंबली जात होती. गाडी थांबली तसा तो किर्र वर आला आणि त्याच्याबरोबर अर्जांची आठवण. पहिला अर्ज त्यानं खराखुरा लिहवला होता. कान वाजतो, झोप नाही, दगड पारखता येईना, काम गेलं. तो महिन्यात परत आला. फौज म्हणाली, हा आमचा नोकर नाही, ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, माझा कसला, रोजंदार होता, आणि विहिरींचे सुरुंग तर त्यानं जन्मभर उडवले आहेत. आणि कारकुनानं भरपाईचा तक्ता काढून दाखवला. डोळा गेला तर इतकं, अंगठा गेला तर इतकं, दोन्ही कान ठार गेले तर इतकं. "वाजतो असं यात कुठं आहे, दाखव," तो म्हणाला. सहदेवला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या कागदाकडे पाहत राहिला. गेलेल्याचे पैसे होते. जे आलं आणि जातच नाही, त्याचं खातं नव्हतं. तेव्हा किसनरावानं दुसरा अर्ज लिहिला. ठार बहिरा. खरं लिहिलं तर तक्त्यात बसत नाही, म्हणून खोटं लिहिलं, आणि खोटं सहदेवच्या तोंडात बसेना. तरी तो तयार झाला, कारण शेषरावच्या वावरात जे झालं त्यानंतर दुसरी वाट नव्हती.

शेषराव जुना ओळखीचा, नांदगाव पेठेकडचा. गेल्या उन्हाळ्यात त्यानं सहदेवला विहिरीची जागा दाखवायला नेलं. सहदेवनं हातोडी मारली, कान लावला. दगड बद बोलला. दहा पावलं सरकून मारली, तिथंही बद. जिथं मारावी तिथं बद. एवढं पाणी एका वावरात त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "कोठीही खोद," तो शेषरावला म्हणाला, "पानीच पानी हाये." पस्तीस हात खोदलं. खाली काळा कातळ, वर कोरडी माती, आणि कडेला उभं राहून पाहणारं गाव. शेषराव चांगला माणूस, त्यानं शिवी दिली नाही. तो एवढंच म्हणाला, "तुह्या बापाचं नाव होतं, सहदेवा." त्यानंतर कोणी बोलावलं नाही. सहदेवनं त्या वर्षाच्या उन्हाला दोष दिला, दगडाच्या जातीला दोष दिला, रातकिड्याला दिला. रातकिडा मधे बोलतो म्हणून दगडाचं ऐकू येत नाही, असं त्यानं शकुनला समजावलं होतं. कान मात्र शाबूत आहे, तो रातकिडा एकदाचा निघून जाऊ दे, मग पाहा. या एका गोष्टीवर तो उभा होता. आजही त्या कचेरीत, सगळं गमावताना, एक गोष्ट तर त्यानं दाखवली होती की नाही? पाठ करून उभा असताना रुपया पारखला होता. चपराशी खुशाल म्हणो चांगला आहे. सरकारी घरात खोटा रुपया, आणि चांगला म्हणे.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. शकुननं तोंडाकडे पाहूनच ओळखलं आणि भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली आणि आडवा झाला. सकाळी सूर्यभानच्या मळ्यात ती वांगी तोडत होती आणि तो विहिरीच्या काठावर बसला होता, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. रुपयाचं सांगताना त्याचा आवाज जरा चढला. शकुननं टोपली खाली ठेवली. "तुमी बोललेच काहून पन?" ती म्हणाली. "माह्ये हात दुखले ताटं बडवू बडवू." तो म्हणाला, "खोटा होता म्हनून बोललो." "अजी, साहेबाचा रुपया खोटा कसा असन?" आता हीसुद्धा. सहदेव उठून उभा राहिला. "तीस वर्सं दगड वाजवले म्या. मले रुपया समजत नाई?" त्याच्या हाताची मूठ वळली होती. शकुननं तो हात पाहिला. तिला तो पेला आठवला असेल. ती मागे सरली नाही. कमरेची पिशवी काढून तिनं आतला राणीछाप रुपया बाहेर घेतला. लग्नात तिच्या बापानं ओटीत घातलेला, दुष्काळातही न मोडलेला. मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर तिनं तो टाकला आणि म्हणाली, "हा कसा हाये सांगा."

रुपया पडला, बद वाजला. "हाही खोटा," सहदेव म्हणाला.

शकुन हसली नाही. तिनं रुपया उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा टाकला. सहदेवला तेच ऐकू आलं, माती पडल्यासारखा एक ठप्प, आणि वर रातकिडा. पण तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. ती अजून ऐकत होती. रुपया दगडावर गिरक्या घेत हळूहळू बसत होता आणि ती अजून ऐकत होती, डोळे त्याच्यावर, मान जरा कलती, जशी दूरची गाडी ऐकताना माणसाची असते. "काय ऐकून राहिली?" त्यानं विचारलं. "वाजून राहिला ना अजून," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. दोघंही थांबली. मग सहदेवनं स्वतः वाकून रुपया उचलला. "आता वाजते तवर बोट वर धर," तो म्हणाला. "बंद झाला का बोट खाली." तिनं बोट वर केलं. त्यानं रुपया टाकला. ठप्प. बोट वरच. एक, तो मोजायला लागला, खदानीत मोजायचा तसंच, पण आवाज न करता. दोन. तीन. चार. बोट वरच. पाच. सहाला बोट खाली आलं. एकपासून सहापर्यंत त्याच्या कानात त्या रुपयाचं काहीही नव्हतं. खणखणीतपणा नेमका तेवढा त्या सुरुंगानं कापून नेला होता, आणि जगातली प्रत्येक वस्तू त्याला बद वाजत होती. साहेबाचा रुपया. लग्नाचा रुपया. शेषरावच्या वावरातला तो कातळ, जो बिचारा पहिल्या हातोडीपासून ओरडून सांगत होता की इथं पाणी नाही.

सूर्यभानचा गडी पलीकडे बैल जुंपत होता. सहदेवला वाटलं होतं की हे कधी कळलं तर रडू येईल. रडू आलं नाही. असा राग आला की पायाखालचा दगड त्याला हातानं उपटावासा वाटला. पुरावा त्यानं स्वतः दिला होता. भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, दोनदा. चांगल्या रुपयाला खोटा म्हणणारा कान त्यांच्यापुढे उभा होता, आणि एवढी शिकलेली माणसं, कोणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही की चांगला रुपया याला खोटा का ऐकू येतो. चपराशानं वाजवून पाहिलं. डॉक्टरनं ऐकलं. आणि लिहिलं काय, तर ऐकू येतं. आणि तो स्वतः? तो काय कमी होता? तोही वर्षभर दगडालाच खोटं म्हणत राहिला. त्याला शालिकरामचं घामेजलेलं कपाळ आठवलं, तीस माणसांनी धरलेले पाय आठवले. त्या तीस माणसांच्या कानात आज रुपया सहापर्यंत वाजत असेल. वाजू दे. त्याबद्दल त्याला वाईट वाटलं नाही. पण त्यातल्या एकानं तरी कचेरीत येऊन सांगावं की, बाप्पा, आम्ही बोळे घातले होते आणि यानं नव्हते घातले.

"अवं शकुन," तो म्हणाला. "सोमवारी तू चाल संग."

"मी? अन् मी काय करू तथी कचेरीत?"

"साहेबापुढं उभी राहाजो. थो रुपया टाकन. वाजते तवर बोट वर धरजो. बंद झाला म्या म्हनलं तरी धरजो. तुले ऐकू येते तवर."

"अन् थो बहिरेपनाचा कागद?"

"थो किसनरावले फाडाले लावतो. मी बहिरा नाई. माह्या कानातून काय गेलं थे मोजून देतो म्हनाव. सही नाई करत."

शकुननं रुपया उचलला. ती आयुष्यात कचेरीची पायरी चढली नव्हती आणि हे दोघांनाही माहीत होतं. "लोक हासतीन जी," ती म्हणाली. "बाई मान्सायपुढं बोट वर करून उभी, म्हनतीन."

"पयले मोजू दे त्यायले," सहदेव म्हणाला. "मंग हासू दे."

तिनं रुपया पिशवीत टाकला नाही. पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून त्यात बांधला, ओढून पाहिला, आणि टोपली उचलून उरलेली वांगी तोडायला गेली.